बद्रीनाथकाकांची पत्रं

कुकरची तिसरी शिट्टी झाली तसा श्यामसुंदरने गॅस बंद केला, ओला हात बनियनला पुसला आणि मोबाइलवर बोट ठेवून पंधरा सेकंद मागे गेला. कानातल्या ज्ञानदेवने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"आन् मग काय, आपली पाचच पोरं उरली व्हती मैदानात, तरी समोरच्यानं बोनस मारलाच."

श्यामसुंदर ओट्याशी उभ्या उभ्या हसला. समोर पाचच खेळाडू असतील तर चढाई करणाऱ्याला बोनसचा गुण मिळत नाही. निदान सहा लागतात. शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. त्याने डाळीच्या डब्यामागे ठेवलेली छोटी वही काढली आणि लिहिलं: चोवीस मिनिटं दहा सेकंद, पाच खेळाडू, बोनस. वही पुन्हा डब्यामागे गेली.

भोसरीच्या ज्या कारखान्यात तो सुट्या भागांची मापं तपासायचा त्याला गुरुवारी सुट्टी असे, आणि ज्ञानदेवचा नवा भाग गुरुवारीच सकाळी सातला येई. आठवड्याच्या सात दिवसांतून या माणसाने नेमका हाच वार निवडला तो आपला सुट्टीचा दिवस नासवण्यासाठी, असं श्यामसुंदरला अगदी मनापासून वाटे. न ऐकण्याची सोय होती. ती त्याने एकदाही वापरली नव्हती.

ज्ञानदेवच्या पॉडकास्टचं नाव 'मैदानात या'. कबड्डीवरच्या गप्पा, आठवड्यातून एकदा, तासभर. ऐकणारे पंचेचाळीस हजार. श्यामसुंदरच्या पॉडकास्टचं नाव 'चढाई-पकड'. तोही कबड्डीवर, तोही आठवड्यातून एकदा, तोही तासभर. ऐकणारे दोनशे बारा, आणि त्यातला एक श्यामसुंदर स्वतः, कारण आवाज नीट आलाय की नाही हे कुणीतरी तपासायला हवं.

मूळ कार्यक्रम 'चढाई-पकड' हाच, आणि तो दोघांचा. हडपसरच्या कॉलेजात असताना ज्ञानदेव संघाचा पहिला चढाईपटू होता आणि श्यामसुंदर बाकावरचा बारावा. पुढे बाकाचा कंटाळा येऊन श्यामसुंदरने गुणलेखकाची परीक्षा दिली, टेबलामागे जाऊन बसला आणि जिल्ह्यातला सगळ्यात अचूक गुणलेखक म्हणून नावारूपाला आला. मैत्री तशीच राहिली. चाळिशी ओलांडल्यावर दोघांनी बुधवार पेठेत दुकानदाराशी तासभर घासाघीस करून माइक आणला, वारज्याच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावल्या, आणि दोन वर्षं दर रविवारी तिथे बसून बोलले. ज्ञानदेव किस्से सांगायचा, श्यामसुंदर तारखा आणि गुण सांगायचा. मग ज्ञानदेव मांजरी गावातल्या एका पेंडवाल्याला घेऊन आला.

"काय जास्त न्हाय," तो म्हणाला होता. "मधी अर्धा मिनिट सांगायचं. आमच्या भागाचे प्रायोजक अमुक अमुक सरकी पेंड. पैसे देतोय तो."

"अंतिम सामन्याचं वर्णन चाललंय आणि मध्येच सरकी पेंड?"

"कबड्डी बघाया येत्यात त्यांच्या घरी म्हशी न्हाईत व्हय?"

"ज्ञाना, आपण खेळाबद्दल बोलतो. बाजार भरवायचा असेल तर तुझा तू भरव."

ज्ञानदेवने खरोखर तसं केलं. भांडण झालं नाही, आवाजही चढले नाहीत. तो फक्त पुढच्या रविवारी आला नाही. श्यामसुंदरने नाव ठेवून घेतलं, माइक ठेवून घेतला, गोधड्या तर त्याच्याच होत्या. आपण जिंकलो असं त्याला जवळजवळ महिनाभर वाटत होतं.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे जीव जाळणारा तमाशा. आधी पेंड आली. मग मांजरीच्या पुढे प्लॉट पाडणारा बिल्डर आला, आणि ज्ञानदेव "जागा घ्यायची तर पाय रोवून घ्या" म्हणत त्याची जाहिरात अशी काही वाचायचा की लोक ती पुढे न ढकलता ऐकायचे. गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांवर त्याच्या नावाने दहा टक्के सूट निघाली. गावोगावच्या स्पर्धांचे आयोजक त्याला मानधन देऊन समालोचनाला नेऊ लागले. वारज्याच्या भाजी मंडईत एका मुलाच्या अंगावर 'मैदानात या' छापलेला टी-शर्ट दिसला, तेव्हा श्यामसुंदर मेथी न घेता घरी आला. आणि शेवटी वर्गणी: महिन्याला नव्याण्णव रुपये भरणाऱ्यांसाठी वेगळा, जास्तीचा भाग.

हा जास्तीचा भाग त्याच्या डोळ्यात कुसळासारखा खुपला. नव्याण्णव रुपयांत हा असं काय सांगत असेल? स्वतःच्या नावाने वर्गणी भरणं शक्यच नव्हतं. त्याने नवा ईमेल काढला, नावाच्या रकान्यात बोटांना येईल ते लिहिलं. बोटांना आलं बद्रीनाथ. हे त्याच्या वारलेल्या मामाचं नाव, आणि मामाला कबड्डीशी काही देणंघेणं नव्हतं.

पहिल्याच जास्तीच्या भागात दोन चुका सापडल्या. दोन चुका ऐकून गप्प बसायचं हे त्याच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं. त्याने पत्र लिहिलं.

'महोदय, आपण सांगितलेल्या सामन्यात सातही जण बाद होऊन लोण तिसऱ्या मिनिटाला झाला, तेराव्या नव्हे. ज्याला आपण डावा कोपरारक्षक म्हणालात तो आयुष्यभर उजवीकडे खेळला. आपण कबड्डी खेळत होतात की मैदानाजवळून दूध घेऊन जात होतात, असा प्रश्न पडला. कळावे. बद्रीनाथ.'

ज्ञानदेवच्या नाकाला मिरच्या झोंबतील, निदान तो दोन दिवस चरफडेल, एवढीच माफक अपेक्षा होती. ज्ञानदेवने ते पत्र पुढच्या गुरुवारी, सगळ्यांसाठीच्या भागात मोठ्याने वाचलं. सावकाश, प्रत्येक शब्दाला वजन देऊन, 'कळावे'वर थांबून. मग इतका वेळ हसला की ठसका लागला.

"खरंय काकांचं," तो म्हणाला. "दूध घालायला जात व्हतो मी. लिहीत ऱ्हावा, काका."

आणि काका लिहीत राहिले. दर आठवड्याला एक. ऐकणाऱ्यांना ती पत्रं इतकी आवडली की 'बद्रीनाथकाकांची दुरुस्ती' हा शेवटचा दहा मिनिटांचा भागच होऊन बसला. काका सदाशिव पेठेत राहतात, सत्तरीचे आहेत, दुपारी एक ते चार दाराची घंटा काढून ठेवतात, असं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं. श्यामसुंदरने काकांना आवरायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा गुरुवार आला.

शर्मिलाही ऐकायची. नवऱ्याची ती वही तिच्या कधी हाती लागली नव्हती, कारण डाळ-भाताचा कुकर लावणं हे रोज त्याचंच काम होतं.

"तुमच्या ज्ञानदेवभावजींकडे तो कोण म्हातारा पत्र लिहितो ना," एकदा ती पोळ्या लाटता लाटता हसत म्हणाली, "काय खवचट आहे हो. पण किती अभ्यास. तुम्ही तुमच्या कार्यक्रमात असं काही तरी आणा की."

"असं म्हणजे कसं?"

"असं. जिवंत."

त्या दिवशी श्यामसुंदरला जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. त्याला बद्रीनाथचा हेवा वाटला. ज्ञानदेवचा हेवा आता जुना, मुरलेला होता. पण हा कोण कुठला म्हातारा, ज्याला चेहरा नाही, घर नाही, त्याचं बोलणं पंचेचाळीस हजार माणसं ऐकतात आणि आपली बायको पोळी करपेपर्यंत हसते. तोच अभ्यास, त्याच तारखा, तेच गुण तो स्वतःच्या तोंडाने सांगायचा तेव्हा दोनशे बारा.

त्यातच शर्मिलाला शिकवणीसाठी आतली खोली हवी होती. दहावीची मुलं बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसत. दिवाळीपर्यंत एक जरी प्रायोजक मिळाला तरी खोली माझी, नाही तर 'चढाई-पकड' बंद आणि गोधड्या खाली, असं त्याने स्वतःच कबूल केलं होतं. त्या खोलीबाहेर त्याला कुणी काही विचारत नव्हतं, हे तो शर्मिलाला सांगू शकला नाही.

नवरात्र संपल्यावर तो इस्त्रीचा शर्ट घालून लक्ष्मी रस्त्यामागच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला. ज्याने कधी काळी सरकी पेंडीला नाकारलं होतं, त्याने गल्ल्यावरच्या जयसिंगरावांसमोर आपल्या दोनशे बारा श्रोत्यांचा कागद ठेवला. वयाने, गावाने आणि शिक्षणाने त्यांचे गट पाडले होते, त्यामुळे कागद बराच भरलेला दिसत होता.

जयसिंगरावांनी तो उलटसुलट पाहिला.

"चढाई-पकड म्हणजे आधी ज्ञानदेव होते तेच ना?"

"आम्ही दोघं होतो."

"हां. तुमचं काम चांगलं असणार, साहेब. पण आमचं यंदाचं सगळं त्यांच्याकडे गेलं. ते बद्रीनाथकाकांचं येतं ना शेवटी, ते आमच्यातर्फे असतं." त्यांचा चेहरा उजळला. "लोक दुकानात येऊन काकांसारखं बोलून दाखवतात. परवा एकजण म्हणाला, महोदय, हा बूट आहे की होडी. मी त्याला पाच टक्के कमी केले."

"असं का."

"तुमची ओळख आहे का हो काकांशी? या क्षेत्रातलेच तुम्ही."

"नाही," श्यामसुंदर म्हणाला.

"भेटले तर सांगा, एक जोडी बूट आमच्याकडून. मोफत."

तो कागद घडी करून खिशात घालून बाहेर पडला. म्हणजे गेले सात महिने तो दर गुरुवारी, सुट्टी खर्चून, वर नव्याण्णव रुपये भरून, ज्ञानदेवसाठी काम करत होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. डेक्कनपर्यंत तो चालतच गेला आणि मग वारज्याची बस आली तर तीही भरलेली.

बसमध्येच फोन वाजला. ज्ञानदेव. दोन वर्षांत चौथ्यांदा.

"श्याम, कुठं हायस?"

"बसमध्ये. बोल."

"दिवाळीआधी कार्यक्रम ठेवलाय. लोकांसमोर, हॉलमदी. तू ये. स्टेजवर बस माझ्याशेजारी. पयल्यासारखं बोलू."

"तिकीट आहे म्हणे."

"दोनशे."

"कबड्डी ऐकायला दोनशे रुपये. बघायला फुकट होती."

"बघायला कोण येत नव्हतं म्हणून फुकट व्हती," ज्ञानदेव म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "निम्मं तुझं. मी मोजूनमापून बोलत न्हाय, पण निम्मं."

"आणि ते तुझे काका? त्यांना नाही बोलावलंस?"

ज्ञानदेव म्हणाला, "त्येंची खुर्ची ठेवलीय. आलं तर आलं."

"मला त्या दिवशी काम आहे," श्यामसुंदर म्हणाला आणि फोन ठेवला. कोणत्या दिवशी, हे ज्ञानदेवने सांगितलंच नव्हतं, हे त्याच्या कर्वेनगरच्या थांब्याला लक्षात आलं.

त्या आठवड्यात त्याने ठरवून टाकलं. गुरुवारचा भाग ऐकायचा, सापडतील तेवढ्या चुका वेचायच्या, काकांचं शेवटचं पत्र लिहायचं. असं पत्र, की वाचताना ज्ञानदेवला हसू येणार नाही. मग वर्गणी बंद, काका बंद. बघू दे जयसिंगरावांना कुणाच्या नावाने बूट विकायचे ते.

गुरुवारी शर्मिला सकाळीच आईकडे गेली होती. त्याने कुकर लावलाच नाही. आतल्या खोलीत, गोधड्यांच्या अंधारात दिवा लावून वही आणि पेन घेऊन बसला.

ज्ञानदेवने पेंड वाचली, प्लॉट वाचले. मग म्हणाला की आज दुसऱ्या कुणाचा न्हाय, माझाच एक सामना सांगतो. नव्याण्णव साल, जानेवारी, मांजरी, जिल्ह्याचा अंतिम सामना.

श्यामसुंदरने पेनचं टोपण काढलं होतं, ते हातातच राहिलं.

ज्ञानदेव सांगत होता. प्रेक्षक झाडावर बसले होते. माती आदल्या रात्री चाळून टाकलेली होती. समोरचा संघ पिंपरीचा, वजनाने भारी. त्याने एकेक चढाई सांगितली, आणि श्यामसुंदर चूक शोधू लागला तर चूक नव्हती. मिनिटं बरोबर, माणसं बरोबर. ज्या माणसाला इतर कुणाचा लोण तिसऱ्या मिनिटाला झाला की तेराव्या हे कळत नव्हतं, त्याला हा सामना सेकंदासेकंदाने पाठ होता.

"त्या दिवशी सात बोनस घेतले म्या," ज्ञानदेव म्हणाला. "सात. आन् आम्ही सत्तावीस-सव्वीस असा सामना जिंकलो."

सापडली. श्यामसुंदरचं पेन वहीवर टेकलं. सहा बोनस. सव्वीस-सव्वीस अशी बरोबरी, मग पाच-पाच चढाया, आणि त्यात ज्ञानदेवचा संघ एका गुणाने हरला. गुणपत्रक जिल्हा संघटनेच्या कपाटात असेल अजून. कुणीही काढून बघावं. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात विजेत्यांचे चौघे घेतले, ज्ञानदेवला घेतलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला.

"आता ह्यात काय चुकलं असंल," कानात ज्ञानदेव सावकाश म्हणाला, "तर बद्रीनाथकाका सांगतीलच. त्येंच्यावर माझा भरोसा हाय. त्या दिवशी टेबलाशी तेच व्हते बसलेले."

नंतर तो नेहमीसारखं हसला नाही. गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात लागली.

श्यामसुंदरने कानातलं काढून गादीवर ठेवलं. खोलीत आवाज नव्हता. गोधड्या लावून त्यानेच तो बंद केला होता.

दुसऱ्या डावातलं अकरावं मिनिट. ज्ञानदेव बोनस रेषा ओलांडून, एकाला हात लावून परत आला. पंचाने गड्याचा गुण दाखवला, मग अंगठा वर केला: बोनस. गड्याच्या गुणासाठी श्यामसुंदरने आकड्यावर तिरकी रेघ मारली. बोनससाठी पुढच्या आकड्यावर त्रिकोण काढायचा असतो. मैदानाभोवती सगळं गाव ज्ञाना, ज्ञाना म्हणून ओरडत होतं, त्याच्या शेजारी बसलेला सहायकसुद्धा उभा राहून ओरडत होता, आणि बाकावरचा बारावा खेळाडू पेन्सील हातात धरून बसून राहिला. फळ्यावरचे आकडे त्याच्या कागदावरून लिहिले जात. पुढची चढाई सुरू झाली.

पेन्सिलीचं टोक तुटलं होतं, असं त्याने पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं होतं. टोक तुटलं नव्हतं. त्याने अंगठा पाहिला होता.

आणि ज्ञानदेवला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. कुठला चढाईपटू स्वतःचे बोनस मोजत नाही? सामना संपल्यावर तो टेबलापाशी आला होता, श्यामसुंदरच्या बाटलीतलं पाणी प्यायला होता, कागदाकडे एकदा बघून "चल, घरी जाऊ" म्हणाला होता. मग कॉलेज, लग्नं, बारशी, बुधवार पेठेतला माइक, गोधड्या. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही तो विषय काढला नाही.

कानातलं पुन्हा लावायचा धीर त्याला होईना. त्याने वहीवर लिहिलेलं वाचलं: सहा बोनस, हार. कागदाप्रमाणे ते बरोबर होतं. जिल्ह्यात त्याच्याइतकं अचूक कुणी लिहीत नव्हतं, हे सगळेच म्हणत. त्याने ती ओळ खोडली.

मग मोबाइल घेऊन काकांचा ईमेल उघडला. शेवटच्या पत्रासाठी चार दिवस घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. त्याने लिहिलं.

'महोदय, आजच्या भागात चूक आढळली नाही. बोनस सातच होते. सामना आपण जिंकला होतात. कळावे.'

खाली बोटांनी सवयीने बद्रीनाथ लिहून टाकलं. त्याने ते एकेक अक्षर मागे घेत पुसलं आणि आपलं नाव लिहिलं. पाठवण्याआधी त्याने सगळं पुन्हा एकदा वाचून तपासलं, आणि मग पाठवलं.